टीबीच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या, हे ठरलं कसं?

टीबीची औषधं सुरू झाली की महिना-दीड महिन्यात खोकला आटोक्यात येतो, ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढतं. मग घरात प्रश्न निघतोच, की आता बरं वाटतंय तर आणखी चार-साडेचार महिने या गोळ्या कशाला? प्रश्न रास्त आहे. ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’ एवढ्यावर त्याची बोळवण होते याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्याचं खरं उत्तर शोधण्यासाठी डेनिस मिचिसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आपलं अख्खं आयुष्य घातलं.

मिचिसन यांचा जन्म 1919चा, ऑक्सफर्डचा. आई नेओमी मिचिसन कादंबरीकार, आणि मामा म्हणजे पुढे भारताचं नागरिकत्व घेतलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. दुसरं महायुद्ध संपल्यावर लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात तरुण पॅथॉलॉजिस्ट असताना स्ट्रेप्टोमायसिन या टीबीवरच्या अँटिबायोटिकच्या गाजलेल्या चाचणीशी त्यांचा संबंध आला. औषध नवं होतं आणि फारच थोडं उपलब्ध होतं. म्हणून 107 रुग्णांपैकी 55 जणांना ते दिलं गेलं, उरलेल्या 52 जणांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्या गटात 4 मृत्यू झाले, दुसऱ्या गटात 14. केवढा आनंद झाला असेल! पण तो टिकला नाही. औषध घेतलेल्या ज्या 41 जणांचे जिवाणू तपासले, त्यांतल्या 35 जणांमध्ये ते स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. पाच वर्षांनी दोन्ही गटांतल्या मृत्यूंमधला फरक बराचसा पुसला गेला.

असं का व्हावं? याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णाच्या शरीरात दहा कोटी जिवाणू सहज असतात. साधारण दहा लाखांत एक जिवाणू निव्वळ योगायोगाने आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला पुरून उरणारा निघतो. म्हणजे पहिली गोळी पोटात जाण्याआधीच असे शंभरेक जिवाणू तिथे हजर असतात. एकटं आयसोनियाझिड दिलं तर बाकीचे मरतात आणि या शंभरांना मोकळं रान मिळतं. रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधाला न जुमानणारा जिवाणू दहा कोटींत एखादा. दोन्ही औषधं एकदम दिली तर दोघांनाही पुरून उरणारा एक सापडायला शंभर लाख कोटी जिवाणू लागतील, आणि तेवढे कुणाच्याच फुप्फुसात नसतात. टीबीला कधीही एकटं औषध द्यायचं नाही, हा नियम या हिशेबातून आला.

1956 साली मद्रासमध्ये टीबीच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र सुरू झालं. वॉलेस फॉक्स त्याचे पहिले संचालक. त्याच वर्षी मिचिसन यांच्याकडे लंडनच्या हॅमरस्मिथमधला औषध-संवेदनशीलतेचा, म्हणजे जिवाणू कोणत्या औषधाला दाद देतात ते तपासणारा विभाग आला आणि दोघांची जोडी जमली. तोवर क्षयरोग म्हटलं की सॅनेटोरियम हेच समीकरण होतं. मोकळी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला होतं तसं. मद्रासमध्ये काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, तर काहींना त्यांच्याच गर्दीच्या, गरीब घरात ठेवून तीच औषधं दिली. कर्मचारी न सांगता घरी जात, उरलेली औषधं मोजत, लघवी तपासून औषध खरंच घेतलंय का ते पाहत. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाऊन, जास्त राबूनही घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना जादा लागणही झाली नव्हती. जगभरची सॅनेटोरियमं बंद पडण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. भारतातल्या वैद्यकीय संशोधनाने जगाला दिलेल्या देणग्यांमध्ये मी याला फार वरचं स्थान देईन.

मिचिसन यांचं मुख्य काम मात्र मोजण्याचं. टीबीचा जिवाणू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो, म्हणून बाटलीत तिरपं गोठवलेल्या, अंड्यापासून केलेल्या हिरव्या माध्यमावर बेडका पसरला की वाढ दिसायला तीन ते आठ आठवडे जातात. मग फुलकोबीच्या तुकड्यांसारखे खरबरीत, पिवळसर पुंजके उगवतात. नैरोबीत अमिना जिंदानी यांच्यासोबत केलेल्या, 1980 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध सुरू केल्यावर बेडक्यातले जिवंत जिवाणू दररोज कसे घटतात ते त्यांनी मोजलं. आयसोनियाझिडने पहिल्या दोन दिवसांत धडाधड जिवाणू मारले आणि मग वेग एकदम मंदावला.

मंदावला, कारण सगळे जिवाणू एकाच अवस्थेत नसतात. झपाट्याने वाढणारे आयसोनियाझिडला बळी पडतात. बहुतेक वेळ निपचित पडून मध्येच थोडा वेळ जागे होणाऱ्यांना रिफॅम्पिसिन गाठतं (लघवी केशरी करणारं ते हेच). सुजलेल्या भागातल्या आम्लात मंदपणे जगणाऱ्यांवर पायराझिनामाइड हे तिसरं औषध काम करतं. बरं वाटू लागतं ते पहिला गट संपल्यावर. पुढचे महिने उरलेल्या निपचितांसाठी असतात. 1970च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या चाचण्यांनी दाखवून दिलं, की रिफॅम्पिसिन किंवा पायराझिनामाइड जोडीला असेल तर दीड वर्षाचा कोर्स सहा महिन्यांवर आणता येतो.

आणि मधेच गोळ्या सोडल्या तर? 1998च्या एका लेखात मिचिसन यांनी हे उलगडून सांगितलं. औषध थांबलं की उरलेले जिवाणू पुन्हा वाढतात, पुन्हा सुरू केलं की मरतात, आणि अशा प्रत्येक फेरीत प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण वाढत जातं. चुकीची चिठ्ठी लिहिली गेली तरी धोका तोच. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी 1991 साली मुंबईतल्या 100 खासगी डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात टीबीसाठी 80 वेगवेगळ्या उपचारपद्धती निघाल्या. वीस वर्षांनी त्याच मुंबईतून, तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदले गेले. यात दोष एकट्या रुग्णावर टाकणं मला मान्य नाही.

निवृत्तीनंतरही मिचिसन लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय संस्थेत नव्वदी उलटेपर्यंत काम करत राहिले. कोर्स चार महिन्यांवर आणायचा प्रयत्न चालूच होता, पण 2014 साली प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांत तो फसला. त्यांतल्या एका चाचणीत जिंदानी आणि ते स्वतः होते. 2018 साली ते गेले. 2021 साली रोजच्या रिफापेन्टीन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या दोन औषधांसह चार महिन्यांचा कोर्स सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला.