कमी धक्क्याचं काडतूस : पुंगळीतल्या रिकाम्या जागेचा इतिहास

रायफलीचा धक्का कमी करायचा तर दारू कमी भरावी, हे कुणालाही सुचेल. काळ्या दारूच्या जमान्यात ते जवळजवळ खरंही होतं. धूरविरहित दारू आली आणि हा सोपा हिशेब बिघडला. घरी काडतुसं भरणाऱ्यांनी पुढची शंभर-सव्वाशे वर्षं एकाच प्रश्नाशी झुंज घेतली : दारू कमी केल्यावर पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, जी जागा रिकामी राहते, तिचं काय करायचं?

सुरुवात अमेरिकी लष्करापासून करू. १८७३ साली स्वीकारलेल्या .४५-७० काडतुसात ७० ग्रेन काळी दारू आणि ४०५ ग्रेनची शिशाची गोळी असे. (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅम.) पायदळाच्या लांब रायफलीत हे चाले. घोडदळाच्या आखूड, हलक्या कार्बाइनमधून तेच काडतूस झाडलं की खांदा सुजायचा. म्हणून कार्बाइनसाठी त्याच पुंगळीत ५५ ग्रेन दारू भरली जाऊ लागली आणि उरलेली जागा पुठ्ठ्याच्या चकत्यांनी भरून काढली. काळ्या दारूत पोकळी ठेवायची नाही, हा तेव्हाचा पक्का नियम होता. गोळी आणि दारू यांच्यात हवा राहिली तर नळीला फुगवटा येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय याने फ्रान्समध्ये धूरविरहित दारू तयार केली. तिच्यात ताकद जास्त आणि आकारमान कमी, त्यामुळे थोड्याशा दारूत गोळी सेकंदाला दोन हजार फुटांच्या वर जाऊ लागली. पुढे १९०६ साली अमेरिकी लष्कराचं .३०-०६ काडतूस आलं. त्याची पुंगळी मोठी, पूर्ण भरलेल्या काडतुसात दारू पन्नास ग्रेनच्या आसपास, आणि १८० ग्रेनची गोळी सेकंदाला २७०० फुटांनी. आठ पौंडांच्या रायफलीत हा धक्का साधारण २० फूट-पौंड येतो. लांबच्या नेमबाजीला हे ठीक होतं. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनच्या दाट जंगलात मात्र पांढऱ्या शेपटीचं हरिण बहुधा शंभर यार्डांच्या आतच दिसतं. तिथे एवढ्या ताकदीची गरज नव्हती. १८९५ मध्ये आलेलं .३०-३० हे सौम्य काडतूस तिथे पिढ्यान् पिढ्या पुरलं, ते उगाच नाही.

मग .३०-०६ वाल्यांनी काय केलं? शिशाच्या ओतीव गोळ्या आणि पिस्तुलाची झटपट जळणारी दारू. काडतूस भरायची अवजारं करणाऱ्या आयडियल कंपनीच्या जॉन बार्लोने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवायची युक्ती प्रचारात आणली. त्यामुळे गरम वायूने शिसं वितळून नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) बसणं कमी झालं आणि ओतीव गोळी दोन हजार फुटांच्या जवळ नेता येऊ लागली. पुढे काडतुसं भरण्यावर लिहिणाऱ्या सी. ई. हॅरिस यांनी लोकप्रिय केलेला, रेड डॉट या झटपट जळणाऱ्या दारूचा १३ ग्रेनचा भार (एका काडतुसातलं दारूचं वजन) याच परंपरेतला : लष्करी आकाराच्या अनेक पुंगळ्यांत चालणारा, स्वस्त आणि सौम्य.

या पद्धतीचा खरा धोका पुंगळीच्या पोटात असतो. दहा-बारा ग्रेन दारू मोठ्या पुंगळीच्या तळाशी बसते आणि चुकून दुसऱ्यांदा ओतली तरी तोंडातून सांडत नाही. दुप्पट भार म्हणजे फुटलेली रायफल. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी सगळ्या भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावून पाहायचं; दारूची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. हा दंडक अजूनही कुणी मोडू नये. दारू आडवी पसरते, तीही एक कटकट. नळी वर धरून मग खाली आणली तर दारू प्रायमरजवळ (पुंगळीच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या भागाजवळ) राहते. नळी आधी खाली केली तर ती गोळीकडे सरकते. दोन्हींत वेग वेगळा. कापूक किंवा पॉलिस्टरचा पुंजका कोंबून दारू जागेवर ठेवायचा प्रयोग अनेकांनी केला. काहींच्या रायफलींत त्याने चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, कडं पडलं. हा पुंजका टाळावा, असं आमचं मत आहे.

दुसरी खोड रिमलेस, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड नसलेल्या पुंगळीची. हलक्या भारात फायरिंग पिनचा ठोसा पुंगळीला पुढे ढकलतो, आणि दाब इतका कमी असतो की ती मागे फुगून टेकत नाही. परिणामी तिचा खांदा (मानेखालचा उतार) दर वेळी थोडा मागे दबतो आणि प्रायमर बाहेर डोकावतो. .३०-३० सारख्या कडावाल्या पुंगळीला हा त्रास नाही, कारण ती कडेवर टेकते. जुन्या मंडळींचा उपाय म्हणजे प्रायमरचं छिद्र थोडं मोठं करणं. मात्र अशा पुंगळ्यांवर खूण करून त्या कायमच्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यांत पूर्ण भार भरणं धोक्याचं.

या इतिहासातला सगळ्यात भयंकर धडा विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मिळाला. दुसऱ्या महायुद्धातून उरलेली, सावकाश जळणारी दारू बाजारात मुबलक आली होती. ती जरा कमी भरली तर धक्का कमी होईल, अशा समजुतीने लोक भरू लागले आणि काही रायफली चक्क फुटल्या. सर्वसाधारण मान्य स्पष्टीकरण असं : अर्धवट भरलेली संथ दारू नीट पेटत नाही, पहिल्या दमात गोळी पुंगळीतून सुटून आट्यांच्या तोंडाशी अडते, आणि मागची दारू पेटते तेव्हा समोर बूच बसलेलं असतं. प्रयोगशाळेत हे हुकमी घडवता येत नाही, म्हणूनच ते जास्त धोकादायक. संथ दारू काडतूस भरण्याच्या पुस्तकात दिलेल्या किमान भाराखाली कधीही न्यायची नाही, हा नियम तिथून आला.

वाट सापडली तीही युद्धाच्याच उरलेल्या मालातून. अमेरिकी लष्कराच्या एम-वन गॅरंड रायफलीच्या काडतुसांत वापरलेली ४८९५ दारू ब्रूस हॉजडन यांनी सरकारकडून घाऊक घेऊन कॅन्ससहून विकायला सुरुवात केली. मध्यम वेगाने जळणारी ही दारू कमी भरली तरी सारखी पेटते. पुढे हॉजडन कंपनीने आपल्या एच-४८९५ या दारूसाठी साठ टक्क्यांचा नियम जाहीर केला : त्या काडतुसाला आणि त्या गोळीला पुस्तकात दिलेला एच-४८९५ चा कमाल भार घ्यायचा आणि त्याला ०.६ ने गुणायचं. कमाल ४६ ग्रेन असेल तर २७.६ ग्रेनपर्यंत खाली येता येतं. ज्या काडतुसाच्या तक्त्यात एच-४८९५ नाही, तिथे हा नियम लागू नाही. दुसऱ्या कंपनीच्या ४८९५ ला तो लावायचा नाही.

२००० नंतर ट्रेल बॉस आली. मधे भोक असलेल्या फुगीर चकत्यांची ही दारू थोड्या वजनात पुंगळी भरून टाकते. रिकाम्या जागेला थेट उत्तर. गोळीच्या बुडापर्यंत भरेल तेवढी दारू तोलायची, ते वजन कमाल, त्याचे ७० टक्के सुरुवातीचा भार. दाबून भरायची नाही, कारण चकत्या मोडल्या की जळण्याचा वेग बदलतो. ती फार हलक्या भाराची, त्यामुळे सरावाला उत्तम, हरणाला अपुरी. गेली काही वर्षं ती बाजारात मिळणंच कठीण झालं आहे.

शिकारीसाठी गोळीची निवड भाराइतकीच महत्त्वाची. सेकंदाला २८०० फूट वेगासाठी घडवलेली जाड आवरणाची गोळी १८०० फूट वेगाला फुलत नाही, नुसतं भोक पाडून जाते आणि जखमी जनावर दूर पळतं. म्हणून .३० व्यासाच्या रायफलीत १२५ ग्रेनची पातळ आवरणाची गोळी, किंवा .३०-३० साठी केलेली चपट्या टोकाची १५० ग्रेनची घ्यावी. चपटं टोक मॅगझिनमधून नीट चढतं का, हे आधी पाहावं. रेमिंग्टनने तयार कमी धक्क्याची काडतुसं आणली तेव्हाही हाच मार्ग घेतला : .३०-०६ मध्ये १२५ ग्रेनची गोळी, सुमारे २६६० फूट, धक्का निम्म्यावर. धक्का इतका का उतरतो? गोळीमागून निघणारा वायू गोळीपेक्षा वेगाने बाहेर पडतो, त्यामुळे दारूचा प्रत्येक ग्रेन गोळीच्या ग्रेनपेक्षा जास्त मागे ढकलतो. शिवाय धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाने वाढते. गोळी आणि दारू दोन्हींची वजनं थोडी उतरवली की खांद्याला मोठा फरक पडतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली, १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ पूर्ण बंद झाली आणि दारूगोळा तयार करायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. हा सगळा इतिहास मुख्यतः अमेरिकेच्या जंगलांत घडला. तिथे आज नव्या माणसाला, लहान चणीच्या नेमबाजाला किंवा खांदा दुखावलेल्या जुन्या शिकाऱ्याला बहुधा एच-४८९५ च सुचवतात, भार ७० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान. नव्या भारावर रायफल पुन्हा शून्य करावी, म्हणजे तिचा नेम नव्याने जुळवावा लागतो, कारण पूर्ण भाराची गोळी जिथे लागते तिथे ही लागत नाही. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर दुसरी गोळी झाडण्याआधी बोल्ट (मागची खीळ) काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का, म्हणजे गोळी आत अडकलेली नाही ना, ते बघायचं.