पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी घरचा सर्व्हर बाहेरून का दिसत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हौशी मंडळींत एक समज पक्का बसलाय: राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून आलेली विनंती घरच्या ठराविक यंत्राकडे वळवायचा नियम लावला, की घरचा वेब सर्व्हर जगाला दिसतोच, नाही दिसला तर राउटर खराब. त्यापायी धडधाकट राउटर बदलले जातात, याचं खरंच वाईट वाटतं.

गोम बहुतेकदा राउटरच्या पलीकडे असते. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. मग तुमचा आयपी सांगणाऱ्या एखाद्या साइटवरचा आकडा बघा. दोन्ही जुळले नाहीत, तर वाटेत आणखी एक राउटर बसलाय. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर तो दुसरा राउटर बहुधा घरातलाच फायबरचा डबा. पोर्ट तिथेही उघडा. १००.६४ ते १००.१२७ असेल, तर इंटरनेट कंपनीचा सीजीनॅट, म्हणजे अनेक घरांसाठीचा कंपनीकडचा सामायिक राउटर. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते अपुरे पडू लागल्यावर हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखला गेला. अनेक घरांत एकच सार्वजनिक पत्ता. वाड्याचा पत्ता आहे, खोलीचा नंबर नाही. बाहेरून आलेली विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग तिथला नियम काय करणार?

आणि तपासताना घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच बघा. बरेच राउटर आतूनच सार्वजनिक पत्त्यावर गेलेलं परत आत घेत नाहीत, आणि चालू सर्व्हरही बंद वाटतो.

सीजीनॅट निघाला, तर कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा. त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. नाहीतर क्लाउडफ्लेअर कंपनीची टनेल सेवा लावा: त्यात सर्व्हरच बाहेर जोडणी करतो, पोर्ट उघडावाच लागत नाही.