मणक्याच्या दुखापतीनंतर योग्य काम: पदबदल, प्रमाणपत्र आणि नोकरीचे अर्ज

मणक्याला गंभीर दुखापत होऊन पूर्वीचे काम करता येईनासे झाले की घरात आणि कार्यालयात पहिली चौकशी होते ती दिव्यांगत्वाच्या टक्क्यांची. टक्केवारीवरून आरक्षण लागू होते की नाही हे ठरते. पण कोणते काम झेपेल हे सलग किती वेळ बसता येते, वाकता येते का, हातांची पकड कितपत आहे, अशा गोष्टींवर अवलंबून असते, आणि अर्जासोबतच्या कागदांत नेमकी हीच माहिती बहुधा नसते. त्यामुळे पुढील माहिती वाचताना टक्केवारी आणि कार्यक्षमता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

आधीपासून नोकरीत असल्यास

दुखापतीच्या वेळी आपण शासकीय सेवेत असाल, तर राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती किंवा रुग्णता निवृत्तिवेतन (प्रकृतीमुळे सेवेस अक्षम ठरल्यावर मिळणारे निवृत्तिवेतन) यांपैकी कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २०(४) वाचावे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने सेवेतून काढू नये किंवा त्याची पदावनती करू नये, असे हे कलम सांगते. मूळ पदाचे काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरे पद द्यावे लागते. तसे पद उपलब्ध नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवावे लागते. दुखापत कामावर असतानाच झाली पाहिजे, अशी अट या कलमात नाही. आरक्षणासाठी लागणारी ४० टक्के दिव्यांगत्वाची अटही नाही, कारण तेथे केवळ ‘दिव्यांगत्व’ असा शब्द आहे.

या अधिनियमातील शासकीय आस्थापनेची व्याख्या बरीच व्यापक आहे. शासनाचे विभाग, शासकीय कंपन्या, जिल्हा परिषदा व महानगरपालिका, कायद्याने स्थापन झालेली महामंडळे आणि शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्था तिच्यात येतात. म्हणजे एसटीचा चालक असो की अनुदानित शाळेतील शिक्षक, दोघांनाही या कलमाचा आधार घेता येतो. सैन्यदलांतील लढाऊ पदांना मात्र अधिसूचनेने यातून वगळलेले आहे.

१९९५ च्या जुन्या कायद्यात कलम ४७ असेच होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, पाय गमावलेल्या शिपायाला रुग्णता निवृत्तिवेतन मिळाले म्हणून त्याचे हे संरक्षण संपत नाही, असा निर्णय दिला. हा दाखला अर्जात जरूर द्यावा, कारण ‘पेन्शन घ्या आणि घरी आराम करा’ हा सल्ला आजही मोठ्या आपुलकीने दिला जातो.

अर्ज कार्यालयप्रमुखाच्या नावे लेखी करावा आणि त्याची पोच घ्यावी. त्यात दुखापतीची तारीख, सध्याचे पद, त्या पदावरील कोणती कामे आता शक्य नाहीत व कोणती शक्य आहेत, आणि आपल्या माहितीप्रमाणे कोणते समकक्ष पद जमण्यासारखे आहे, हे स्पष्ट लिहावे. सोबत रुग्णालयातून घरी सोडतानाचा सारांश, एमआरआयचा अहवाल, शस्त्रक्रिया झाली असल्यास तिची नोंद, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे सध्याच्या स्थितीचे पत्र, रजेच्या अर्जांच्या प्रती आणि असल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडावे. प्रमाणपत्र अजून मिळालेले नसेल तर अर्ज थांबवून ठेवू नये. ‘प्रमाणपत्र प्राप्त होताच सादर करीन’ असे नमूद करावे.

डॉक्टरांच्या पत्राबाबत थोडे आग्रही राहावे लागते. ‘हलके काम द्यावे’ एवढ्या एका ओळीचा कार्यालयाला फारसा उपयोग होत नाही. सलग किती वेळ बसता येते, त्वचेवर दाबाच्या जखमा होऊ नयेत म्हणून किती वेळाने बसण्याची स्थिती बदलावी लागते, कॅथेटरसाठी (लघवी काढण्याच्या नळीसाठी) दिवसातून किती वेळा स्वच्छतागृहाची गरज असते, किती वजन उचलणे वर्ज्य आहे आणि दोन्ही हातांची बोटे कितपत चालतात, हे त्यात असावे. मानेच्या मणक्यांजवळ मज्जारज्जूला इजा झाली असेल तर हातांवरही परिणाम होतो, कमरेजवळ झाली असेल तर हात शाबूत राहतात. ‘स्पायनल इंज्युरी’ या एकाच नावाखाली ही दोन माणसे कामाच्या दृष्टीने अगदी वेगळी असतात.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

नव्या नोकरीतील आरक्षणासाठी किमान ४० टक्के, म्हणजेच लक्षणीय, दिव्यांगत्व असल्याचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी केंद्र शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी, नोंदणी करावी. आधार, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, सही किंवा अंगठ्याचा ठसा आणि वैद्यकीय कागद लागतात. नाव आधारवर आहे तसेच, अक्षर न अक्षर, लिहावे. त्यानंतर निवडलेल्या रुग्णालयात, बहुधा जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तपासणीला जावे लागते.

कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचे मोजमाप उपचारांनी जास्तीत जास्त सुधारणा झाल्यावर करावे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात आणि तो काळ तपासणारे डॉक्टर ठरवतात. म्हणून अपघातानंतर लगेच गेल्यास तात्पुरते प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता असते. त्याची मुदत लक्षात ठेवून वेळेत पुनर्तपासणी करून घ्यावी. टक्केवारी मान्य नसेल तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येते.

नव्या पदासाठी अर्ज करताना

अधिनियमाच्या कलम ३४ नुसार शासकीय पदांत किमान ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यांपैकी १ टक्का चलनवलनविषयक (हालचालीशी संबंधित) दिव्यांगत्वाच्या गटासाठी आहे. मात्र हे आरक्षण सुनिश्चित केलेल्या, म्हणजे दिव्यांगांसाठी योग्य म्हणून ठरवलेल्या, पदांवरच मिळते. केंद्र शासनाने ४ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने अशी ३,५६६ पदे जाहीर केली असून ती यादी परिपूर्ण नाही, असेही तेथेच म्हटले आहे. राज्यातील विभाग आपापल्या संवर्गांसाठी पदे सुनिश्चित करतात.

या यादीत प्रत्येक पदासमोर दोन प्रकारचे संकेत असतात. एक त्या पदाला लागणाऱ्या क्रियांचा: ‘एस’ म्हणजे बसणे, ‘एसटी’ म्हणजे उभे राहणे, ‘बीएन’ म्हणजे वाकणे, ‘एल’ म्हणजे उचलणे, ‘एमएफ’ म्हणजे बोटांनी हाताळणे. दुसरा कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वाला ते पद योग्य आहे याचा. येथे एक चकवा आहे. ‘एसआय’, म्हणजे मणक्याची दुखापत, हा संकेत पाहून अनेकांना तो आपलाच वाटतो. पण मज्जासंस्थेवर किंवा हातापायांवर परिणाम न झालेल्या दुखापतीपुरताच तो आहे. दोन्ही पायांची शक्ती गेलेल्या व्यक्तीने ‘बीएल’ (दोन्ही पाय बाधित) हा संकेत शोधावा. जाहिरातीतील संकेत आणि प्रमाणपत्रावरील नोंद जुळत नसेल तर निवड होऊनही कागदपत्र पडताळणीत अडचण येते, म्हणून प्रमाणपत्र हाती येताच त्यावर बाधित अवयवांची नोंद बरोबर आहे का, हे तपासून घ्यावे.

राज्य शासनाच्या भरतीत दिव्यांग उमेदवारांना वयाच्या ४५ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. केंद्राच्या भरतीत कमाल वयात साधारणतः १० वर्षांची सवलत असते. हातांवर परिणाम झाल्याने लिहिता येत नसेल तर लेखनिक आणि दर तासाला किमान २० मिनिटांचा अधिक वेळ मागता येतो, मात्र ही मागणी अर्ज भरतानाच नोंदवावी.

खासगी नोकरी आणि स्वयंरोजगार

खासगी क्षेत्रात कलम २०(४) किंवा ४ टक्के आरक्षण लागू नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. तरीही २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. मुलाखतीपूर्वी ते मागून पाहावे. दिव्यांगांसाठी योग्य पदे आणि दिल्या जाणाऱ्या सुविधा त्यात नमूद असाव्या लागतात. इमारतीत व्हीलचेअर आत जाईल असे स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाआधी विचारावा. संकोच वाटतो, पण रुजू झाल्यावर चार दिवसांत नोकरी सोडावी लागण्यापेक्षा तो संकोच परवडतो. नोकरीच्या शोधासाठी नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नोंदणी करता येते. याच सेवेची दिव्यांगांसाठीची केंद्रे उमेदवाराची कार्यक्षमता तपासून प्रशिक्षणाबाबत मार्गदर्शन करतात आणि असे एक केंद्र मुंबईत आहे. स्वतःचा व्यवसाय करायचा असल्यास महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे कर्जासाठी अर्ज करता येतो.

दाद कोठे मागावी

शासकीय आस्थापनेत प्रथम तेथील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तेथे काही झाले नाही, तर राज्याच्या अखत्यारीतील आस्थापनेविरुद्ध पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे आणि केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनेविरुद्ध दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे जाता येते. साक्षीदारांना बोलावणे आणि कागद मागवणे याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तक्रारीसोबत मूळ अर्जाची पोच, डॉक्टरांचे सविस्तर पत्र आणि कार्यालयाचे उत्तर जोडावे. उत्तर आलेच नसेल, तर तसे तारखेसह लिहावे.