गच्चीवर दोन कांड्या, वर 820 किलोमीटरवर उपग्रह

वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात ॲल्युमिनियमच्या कांड्या मिळतात. पेन्सिलीपेक्षा बारीक, मीटरभर लांब. तशा दोन कांड्या, वायरमनकडचा प्लास्टिकचा स्क्रू-कनेक्टर आणि केबल टीव्हीची उरलेली वायर एवढ्या सामानावर अरबी समुद्रावरच्या ढगांचं चित्र घरी उतरवता येतं. इंटरनेटवरून नव्हे, थेट उपग्रहाकडून.

हे हवामान टिपणारे उपग्रह रशियाचे. मेटिओर-एम मालिकेतला एन2-3 जून 2023 मध्ये गेला, एन2-4 फेब्रुवारी 2024 मध्ये. सुमारे 820 किलोमीटर उंचीवरून ते ध्रुवांवरून फेऱ्या मारतात, शंभरेक मिनिटांत एक. खाली जे दिसेल ते तिथल्या तिथे 137 मेगाहर्ट्झच्या आसपास पाठवत जातात, कुलूप न लावता. ज्याच्याकडे अँटेना असेल त्याने घ्यावं.

ही दानत जुनी आहे. अमेरिकेच्या टायरॉस-8 ने डिसेंबर 1963 पासून अशी चित्रं खाली सोडायला सुरुवात केली. त्याच दशकात हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या निमित्ताने मुंबईत कुलाब्यालाही ती उतरवणारा संच आला. पुढे हौशी मंडळींनी अमेरिकेच्याच नोआ-15, 18 आणि 19 या हवामान उपग्रहांवर हात बसवला. ते तिघेही 2025 च्या जून ते ऑगस्टमध्ये बंद झाले, नोआ-15 तर 27 वर्षं राबून. त्यामुळे नोआच्या भरवशावर लिहिलेल्या जुन्या कृती वाचायच्या त्या फक्त अँटेनापुरत्या. ती अजूनही तीच चालते.

आता माप. 137.5 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 2.18 मीटर. तिचा चौथा हिस्सा साडेचोपन्न सेंटिमीटर. पण कांडी कापायची 53.4 सेंटिमीटर. टोकाशी विद्युतक्षेत्र थोडं बाहेर सांडतं, म्हणून लहरीला कांडी असते त्याहून जराशी लांब भासते. तो फरक आधीच छाटून टाकायचा. वायरच्या मधल्या तांब्याच्या तारेला एक कांडी, भोवतीच्या जाळीला दुसरी. कनेक्टरमध्ये दोन्हीचे स्क्रू आवळले की जोडणी झाली.

कांड्या सरळ रेषेत ठेवायच्या नाहीत, मध्ये 120 अंशांचा कोन ठेवायचा. सरळ जोडीचा विद्युत अवरोध 73 ओहमच्या आसपास असतो. रिसीव्हरला हवा असतो 50. जुळलं नाही की आधीच क्षीण असलेल्या संदेशातला काही भाग आल्या पावली परत फिरतो. कोन दिला की अवरोध पन्नाशीकडे उतरतो. केबल टीव्हीची वायर 75 ओहमची असते, काटेकोर माणूस नाक मुरडेल. एवढ्या कामाला ती चालते.

खरी गंमत अँटेना ठेवण्यात आहे. ती उभी नाही, आडवी ठेवायची, कोनाचं उघडं तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे. कांडी आपल्या टोकांच्या दिशेला जवळजवळ बहिरी असते. अशी ठेवली की बहिरी बाजू पूर्व-पश्चिम जाते आणि उपग्रहाच्या उत्तर-दक्षिण वाटेकडे कान उघडा राहतो. उपग्रहाची लहर मळसूत्रासारखी फिरत येते, त्यामुळे आडव्या कांडीला तिची निम्मीच शक्ती मिळते. ऐकायला तोटा वाटतो. पण याच पट्ट्याला लागून विमानांचं संभाषण चालतं आणि त्यांच्या लहरी उभ्या असतात. आडव्या कांडीवर त्यांचा जोर फार चालत नाही. निम्मी शक्ती देऊन शांतता घेतली. माझ्या मते सौदा फायद्याचा आहे.

शांततेला किंमत आहे, कारण प्रक्षेपक असतो फक्त पाचेक वॅटचा, घरातल्या एलईडी बल्बहून मिणमिणता. उपग्रह क्षितिजावर येतो तेव्हा तो आपल्यापासून सुमारे 3300 किलोमीटर असतो, डोक्यावर आला की 820. अंतर चौपट म्हणजे पोहोचणारी शक्ती सोळा पट कमी. एका फेरीत तो आपल्या आभाळात असतो पंधराएक मिनिटं, त्यातली मधली सात-आठच खरी कमाईची.

वायरचं दुसरं टोक जातं यूएसबीच्या एका डबीत. मुळात ती लॅपटॉपवर टीव्ही बघायला निघाली होती. 2012 च्या सुमारास जिज्ञासूंच्या लक्षात आलं की तिच्यातल्या रियलटेकच्या चिपकडून कच्च्या लहरींचे आकडे काढता येतात. त्या आकड्यांचं चित्र करायचं काम सॅटडंप हे मोफत सॉफ्टवेअर करतं. उपग्रह कधी येणार हेही तेच सांगतं.

माझ्या पहिल्या तीन फेऱ्या कोऱ्या गेल्या. वायर बदलली, कनेक्टर बदलला. दोषी निघाला जिन्यातला एलईडी दिवा. त्याच्या आतलं सर्किट 137 मेगाहर्ट्झवर बडबडत होतं. दिवा मालवला आणि सॅटडंप संदेश ज्या ठिपक्यांनी पडद्यावर दाखवतं त्यांचा गोळा हळूहळू फाटून चार वेगळ्या पुंजक्यांत उभा राहिला. मेटिओरचा संदेश डिजिटल असतो, चार अवस्थांचा. हे चार पुंजके सुटे झाले की समजावं, आकडे वाचता येतायत. नोआच्या वेळी क्षीण संदेशातूनही मुंग्या आलेलं चित्र मिळायचं. इथे मधली अवस्था जवळजवळ नाहीच, एक तर स्वच्छ नाही तर काळी पट्टी.

मग ओळीमागून ओळ येऊ लागली. उपग्रह दक्षिणेकडून वर चढत होता, म्हणून आधी समुद्र, मग केरळ, तेही उलटं. सुमारे 2800 किलोमीटर रुंद चित्र, एका ठिपक्यात एक किलोमीटर. जूनचा शेवट होता. कोकणावर सगळं पांढरं होतं. त्या पांढऱ्यातलाच एखादा ठिपका माझ्या गच्चीवरच्या ढगाचा असणार, कारण तेवढ्यात थेंब पडले आणि मी लॅपटॉप घेऊन जिन्यात पळालो. अंधाऱ्या.