पॅप नॉर्मल आला, मग रक्त कुठून आलं?

स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे, पाळी जाऊन काही वर्षं झालीत आणि अचानक कपड्यावर डाग दिसतो. इंदूरला रामबागेत काय, लोकमान्य नगरात काय, ओळखीच्या बायका आधी सांगतात, 'पॅप करून घे.' तो नॉर्मल येतो आणि घर निश्चिंत होतं. मला काळजी वाटते ती इथेच.

पॅपमध्ये गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी ब्रशने घेतात. तिथला कॅन्सर व्हायच्या आधीचे बदल कळावेत म्हणून ही तपासणी. काही त्रास नसतानाही करावी अशी. टॅमॉक्सिफेनचा परिणाम होतो तो मात्र आत, पिशवीच्या अस्तरावर. हे औषध स्तनात इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनला अडवतं, पण पाळी गेलेल्या बाईच्या अस्तरावर स्वतःच इस्ट्रोजेनसारखं काम करतं. त्यातून अस्तर वाढतं, पॉलिप म्हणजे मऊ गाठीसारखी वाढ होते, क्वचित कॅन्सरही. त्या पेशी पॅपमध्ये बरेचदा सापडतच नाहीत.

त्यासाठी अस्तराची बायोप्सी लागते. बारीक नळी पिशवीत घालून अस्तराचा नमुना घेतात. ओपीडीत काही मिनिटांत होते; पाळीसारखी कळ येते, कुणाला जोराची, म्हणून दुखण्याच्या गोळीबद्दल आधीच विचारावं. नमुना अपुरा निघाला किंवा रक्त पुन्हा दिसलं, तर दुर्बिणीने आत बघून क्युरेटिंग करतात, म्हणजे अस्तर खरवडून काढतात.

आणि सोनोग्राफी? एरवी पाळी गेल्यावर रक्त दिसलं आणि अस्तर ४ मिलिमीटरपर्यंतच असलं, तर बराच दिलासा मिळतो. टॅमॉक्सिफेनमुळे अस्तराखाली पाण्याच्या बारीक गाठी होऊन ते उगाच जाड दिसतं, त्यामुळे त्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. रक्त दिसलं, तर सोनोग्राफी काहीही म्हणो, बायोप्सीबद्दल विचाराच.

पाळीनंतरच्या रक्तस्रावात बहुतेक वेळा कॅन्सर निघत नाही. कोरडेपणा किंवा साधा पॉलिप असतो. पण ते तपासूनच ठरतं.

इथे दवाखान्यात बोलणं हिंदीतून होतं, म्हणून सरळ विचारा: 'बच्चेदानी के अंदर की परत की बायोप्सी हुई है क्या?' कॅन्सरची फाइल सोबत न्या, गोळीचं नाव स्वतःहून सांगा. आणि घाबरून ती मनाने बंद करू नका. कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात फोन करा.