डीसी-10: इंजिन गळालं, पण विमान पाडलं स्लॅटनं

अहमदाबादला 12 जून 2025 रोजी बोइंग 787 कोसळलं आणि सांगलीच्या टपऱ्यांवर दोन कप चहात निकाल लागला: मॉडेलच पनवती. 1979 साली डीसी-10 या प्रवासी विमानावर असाच शिक्का बसला होता.

25 मे 1979. शिकागोच्या ओहेर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सचं डीसी-10 धावपट्टी सोडत असतानाच डावं इंजिन पायलॉनसकट (इंजिन पंखाला टांगणारा सांगाडा) निखळलं आणि पंखावरून मागे उडालं. 31 सेकंदांत विमान जमिनीवर. आतले 271 आणि खालचे 2 जण गेले.

मूळ आठ आठवड्यांपूर्वीच्या दुरुस्तीत होतं. पायलॉनची बेअरिंगं बदलायची होती. उत्पादकाची रीत अशी, की आधी इंजिन उतरवायचं, मग पायलॉन. अमेरिकन एअरलाइन्सनं दोन्ही एकदम फोर्कलिफ्टवर घेतलं: 79 जोडांऐवजी 27च सोडावे लागत, दर विमानामागे सुमारे 200 मनुष्यतास वाचत. कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही फोर्कलिफ्टवाल्याला विचारा, सहाएक टनांचा ऐवज काट्यांवर धरून मिलिमीटरचा नेम साधेल का? काटे जरासे बसले तरी लांबचं टोक हलतं. इथे पायलॉनच्या मागच्या आडभिंतीची वरची कड पंखाच्या बाजूच्या जोडावर दाबली गेली आणि तिला 25 सेंटिमीटरची चीर पडली. पुढच्या उड्डाणांत ती 33 पर्यंत वाढली.

पण तीन इंजिनांचं विमान दोनावर उडतं. मग पडलं का?

पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट असतात. उड्डाणाच्या वेळी ते पुढे सरकतात, त्यामुळे कमी वेगातही हवा पंखाला धरून वाहते. डीसी-10 चे स्लॅट बाहेर टिकायचे ते नळ्यांत कोंडलेल्या हायड्रॉलिक तेलाच्या जोरावर. यांत्रिक खिट्टी नव्हती. मुरमाच्या ट्रॉलीचा हौदा जॅकवर उचललेला असताना पाइप फुटला तर काय होतं, ते आपल्याकडे कुणालाही ठाऊक आहे. निखळताना पायलॉननं नळ्या तोडल्या, तेल गेलं आणि समोरच्या हवेनं डाव्या पंखाचे बाहेरचे स्लॅट आत ढकलले. उजवे बाहेरच राहिले. आता डावा पंख 159 नॉटखाली (ताशी सुमारे 295 किलोमीटर) उचल सोडणार होता, म्हणजेच स्टॉल होणार होता. उजवा त्याहून बऱ्याच कमी वेगातही तग धरत होता.

वैमानिकांनी चूक केली नाही, हेच भयंकर. विमानाचा वेग 172 नॉटपर्यंत गेला होता. एक इंजिन गेल्यावर 153 नॉट धरून चढा, असं पुस्तक सांगत होतं. त्यांनी नाक वर करून तसंच केलं. 159 च्या खाली येताच डावा पंख खाली गेला आणि विमान कुशीवर उलटलं. कॉकपिटमधून पंख दिसत नव्हता. स्टॉलआधी दांडा थरथरवून इशारा देणारं यंत्र फक्त कॅप्टनच्या बाजूला होतं आणि त्याची वीज त्याच निखळलेल्या इंजिनाच्या जनरेटरवरून येत होती. सिम्युलेटरवर वेग जास्त ठेवला, तेव्हा विमान सावरलं.

पनवतीवाल्यांनी हेही ऐकावं: तपासणीत आणखी सहा डीसी-10 मध्ये तीच कड तडकलेली सापडली, आणि ती विमानं फोर्कलिफ्टनं काम करणाऱ्या दोनच कंपन्यांची होती. तिथे लिंबू-मिरची काय करणार? 6 जून ते 13 जुलै अमेरिकेतली सगळी डीसी-10 जमिनीवर होती. पुढे स्लॅटच्या तेलवाटेत नळी तुटली तरी स्लॅट आत जाऊ न देणारे व्हॉल्व्ह बसवणं बंधनकारक झालं आणि सहवैमानिकाचा दांडाही थरथरू लागला.