उभ्याने मारायचे वल्हे

वल्हे या एकाच शब्दात मराठी माणूस दोन वेगळ्या वस्तू बसवतो. होडीच्या काठाला अडकवून, बसल्या जागेवरून ओढायचे ते वल्हे आणि कशाचाही आधार न घेता दोन्ही हातांत धरून पाण्यात घालायचे तेही वल्हेच. पहिल्याचे बरेचसे वजन होडी पेलते, तर दुसऱ्याचे सगळे वजन माणसाच्या खांद्यांवर येते. लांबट फळीवर उभे राहून वल्हवण्याच्या खेळात, म्हणजे स्टँड-अप पॅडलबोर्डिंगमध्ये, हे दुसऱ्या प्रकारचे वल्हे वापरणाऱ्याच्या उंचीपेक्षा सुमारे वीतभर लांब असते. मिनिटाला ४० हात मारले, तर तासाभरात ते २,४०० वेळा उचलावे लागते. म्हणजे त्यात १०० ग्रॅम लाकूड जास्तीचे राहिले, तर तासाला २४० किलो फुकट उचलले जातात. हाताने वल्हे घडवणाऱ्या कारागिराची सारी खटपट या १०० ग्रॅमसाठी चाललेली असते.

हा खेळ हवाई बेटांवरचा. विसाव्या शतकाच्या मध्यावर होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर लाटांवर स्वार होण्याचे धडे देणाऱ्यांपैकी काही जण होडीचे वल्हे हातात घेऊन फळीवर उभे राहत. १९९० च्या दशकात लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी माउई बेटावर हा प्रकार पुन्हा उचलून धरला, तेव्हा होडीची आखूड वल्ही अपुरी पडली आणि दांडा लांबवावा लागला. हवाईत वल्ह्याला ‘होए’ म्हणतात आणि त्यासाठी मानाचे लाकूड कोआचे. हा वृक्ष आपल्या बाभळीच्या नात्यातला, दणकट आणि देखणा, पण त्याचे लाकूड वजनाला भारी. दांडा लांबला की टोकाचे वजन हाताला आणखी जड लागते, कारण वस्तू फिरवायला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणूनच आजचे बरेच कारागीर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन सूचिपर्णी वृक्षांकडे वळतात: रेड सीडर आणि सिट्का स्प्रूस.

कोणत्याही झाडाच्या लाकडातील पेशींची भिंत जवळपास सारख्याच घनतेची, पाण्याच्या सुमारे दीडपट जड असते. लाकूड तरंगते ते पेशींमधल्या पोकळीमुळे. वाळलेल्या रेड सीडरच्या एका घनमीटरचे वजन ३७० किलोच्या आसपास भरते, म्हणजे त्यात भिंत जेमतेम पाव हिस्सा आणि उरलेली सगळी हवा. या पेशी म्हणजे खोडाच्या लांबीच्या दिशेने रचलेल्या बारीक नळ्याच, त्यामुळे लाकूड या नळ्यांच्या, म्हणजे रेषेच्या दिशेने जितके ताठ असते, तितके आडवे नसते. स्प्रूसमध्ये हा फरक दहा ते वीस पटींचा भरतो. वजनाच्या मानाने इतका ताठपणा देणारे लाकूड म्हणूनच राइट बंधूंनी १९०३ च्या विमानाच्या सांगाड्यात स्प्रूस वापरले होते. मात्र हा ताठपणा दिशेला बांधलेला असतो. फळी चिरताना रेषा तिरपी कापली गेली आणि दर पाच सेंटिमीटरला एक सेंटिमीटर बाजूला सरकली, तर वाकताना ते लाकूड जवळपास निम्म्या भारालाच मोडते. दांड्याची पट्टी निवडताना कारागीर ती प्रकाशात तिरपी धरून एका डोळ्याने न्याहाळतो, तो या सरकलेल्या रेषेच्या शोधात.

दांड्याची जाडी ठरवणे हा या कामातला सर्वांत गमतीचा हिशेब आहे. गोल दांड्याचे वजन व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढते, पण ताठपणा चौथ्या घाताच्या पटीत. २७ मिलिमीटरचा दांडा ३० मिलिमीटरचा केला, की वजन २३ टक्के वाढते आणि ताठपणा ५२ टक्के. याचीच दुसरी बाजू अशी की दांड्याच्या गाभ्यातले लाकूड फारसे काम करत नाही. मधला निम्म्या व्यासाचा भाग कोरून काढला, तर पाव वजन कमी होते, पण ताठपणा अवघा सहा टक्के घटतो. म्हणून काही जण दांडा पोकळ करतात, तर काही जण मध्ये सीडर आणि पुढेमागे ॲशसारख्या चिवट लाकडाच्या पट्ट्या चिकटवून थर रचतात. मला दुसरी रीत अधिक पटते, कारण हाताचा जोर जिथे ताण आणि दाब पाडतो, नेमके तिथेच कसदार लाकूड पडते.

चिकटवलेली पट्टी चौकोनी असते. ती गोल करायची रीत डोलकाठ्या घडवणाऱ्यांकडून आली आहे. एका छोट्या ठोकळ्यात दोन खुंट्या २४ भाग अंतरावर ठोकतात आणि त्यांच्यामध्ये ७, १०, ७ असे अंतर राखून दोन पेन्सिली बसवतात. खुंट्या दांड्याच्या दोन्ही कडांना टेकवून हे साधन ओढत नेले, की दोन रेषा उमटतात. त्या रेषांपर्यंत चारही कडा रंध्याने उतरवल्या, की चौकोनाचा अष्टकोन होतो. दांडा टोकाकडे निमुळता असला, तरी साधन तिरके होते आणि प्रमाण तेच राहते. नियमित अष्टकोनाची बाजू चौकोनाच्या बाजूच्या ०.४१४ पट असते आणि २४ पैकी १० म्हणजे ०.४१७, तेव्हा ही चूक पेन्सिलीच्या रेघेतच जिरून जाते. अष्टकोनाच्या सोळा बाजू करायच्या, मग काचकागदाची लांब पट्टी दोन्ही हातांनी ओढून गोलाई आणायची. हात धरायच्या जागी दांडा किंचित लंबगोल ठेवला, की पाते कुठे वळले आहे हे न बघताच कळते.

पाते दांड्याच्या सरळ रेषेत नसते, ते सुमारे दहा अंशांनी पुढे झुकलेले असते. नवशिके हमखास ते उलटे धरतात, कारण पाणी ओंजळीसारखे ओढायचे आहे असे वाटते. प्रत्यक्षात हात पुढे टाकला की दांडा तिरपा असतो आणि तो ओढत पायांजवळ आणेपर्यंत, झुकाव दिलेले पाते जास्त वेळ उभे राहते, म्हणजे पाणी मागे ढकलले जाते, वर उचलले जात नाही. पाते अगदी सपाट ठेवले, तर दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ते हातात थरथरते. म्हणून पाणी ढकलणाऱ्या बाजूला मधोमध बारीकसा कणा ठेवून दोन्हीकडे उतार देतात. कण्यापासून कडेपर्यंतची ही जाडी रंध्याने उतरवताना मोजपट्टीपेक्षा बोटांचा भरवसा जास्त धरला जातो.

पात्यावर इपॉक्सी या कृत्रिम राळेत भिजवलेले पातळ काचकापड, म्हणजे काचेच्या धाग्यांचे कापड चढवतात. कोरडे असताना ते पांढरेशुभ्र दिसते, पण काच आणि इपॉक्सी यांचे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, जवळपास सारखे असल्याने राळ मुरताच ते दिसेनासे होते आणि खालची लाकडाची रेषा उजळते. हे काम तापमान उतरत असताना, म्हणजे संध्याकाळी करावे लागते. सकाळी केले, तर दिवस तापेल तशी लाकडाच्या नळ्यांतली हवा फुगून राळेत बुडबुडे उठतात. संध्याकाळी तीच हवा आकसते आणि राळ आत ओढून घेते.

सर्वांत नाजूक जागा पात्याचे खालचे टोक. तिथे नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि खडकावर आपटून मुलाम्याचा टवका उडाला, की पाणी रेषेच्या दिशेने वर चढते. मुलाम्याखाली काळसर झालेली ती रेघ दिसली, तर लगेच राळ लावू नये. ओल आत कोंडली जाते. आधी पूर्ण वाळू द्यावे, मग टवका भरावा.